न विचारता काढलेला फोटो

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेंगाची चटणी कुटत होते, त्याच्यासाठीच. दवाखान्यातलं जेवण त्याला अळणी लागायचं, म्हणून दुपारच्या डब्यात न्यायची होती. त्याचा मुलगा अमित एवढंच म्हणाला, "आत्या, बाबा गेले गं." महिना होऊन गेला. ती चटणी कुणाला वाढवत नाही आणि टाकवतही नाही.

माझ्या या थोरल्या भावाचा नव्या पेठेत फोटो स्टुडिओ होता. जन्मभर त्याने लोकांच्या हनुवट्या सरळ केल्या. लग्न जुळवायचे फोटो, परीक्षेच्या अर्जाचे फोटो, "हलू नका!" रस्त्यावर कॅमेरा काढायची सोयच नव्हती, काढला की सगळी गल्ली केस विंचरून उभी. "आमचा बी काढा की!" त्यामुळे स्टुडिओ बंद करून तो अमितकडे लिस्बनला गेला तेव्हा हरखूनच गेला. तिथे याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. जांभई देणारा मासेवाला, आरशात बघून भांग पाडणारा ट्रामचा ड्रायव्हर, भांडून एकाच छत्रीतून निघालेलं म्हातारं जोडपं... आधी फोटो यायचे, मागून फोन. "शैले, कुणी मान सरळ केली नाही, तरी कसलं लई भारी आलंय बघ की!"

तो परतल्यावर आम्हीच मागे लागून एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. मधोमध सगळ्यात मोठा फोटो होता, समोरच्या फुटपाथवरून काढलेला. बसस्टॉपच्या बाकावर एक बाई, एका पायातला बूट काढलेला, रडता रडता पाव खातेय. लोक वा वा करत होते. आणि माझी मेली जीभ! शाळेत मुलांना प्रश्न विचारण्यात हयात गेलेली.

"काय झालं होतं रे हिला?"

"कुणास ठाऊक. भाषा कुठं येते मला..."

"अरे, रडणाऱ्या बाईजवळ जाऊन बसायला भाषा कशाला लागते?"

सहज बोलले आणि चहा प्यायला गेले. परत येते तर तिथे नुसता खिळा. दादाने फोटो उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. "चोरलं की गं मी तिचं रडणं," म्हणाला. किती समजावलं! नंतरही तो लिस्बनला गेला, पण कॅमेरा इथेच कपाटात ठेवून. तिकडे बाबा नुसते खिडकीत बसतात, असं अमित सांगायचा. म्हातारपणी त्याला सापडलेला आनंद मी एका वाक्यात काढून घेतला.

मग तो इकडे परतला आणि आजारी पडला. शेवटच्या आठवड्यात एकदा दवाखान्यात त्याच्या खोलीशी पोचले आणि दारातच थबकले. दादा उठून बसला होता. मांडीवर ताटली, हातात इडलीचा तुकडा, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला आत जाववेना. हातात फोन होता... मी फोटो काढला. आणि तशीच जिन्यात जाऊन उभी राहिले. जवळ जाऊन बसले असते तर कोसळलेच असते. त्या बाकाकडे बघून दादाचंही असंच झालं असणार, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. त्याला हे सांगायचं होतं. आज नको, उद्या सांगू, करत राहूनच गेलं.

भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो तर सगळे आधारकार्डासारखे, ताठ. अमितने विचारलं, "आत्या, बाबांचा सहज काढलेला एखादा असेल की तुझ्याकडे?" मी म्हटलं, "नाही रे."

दुपारी घरात कुणी नसलं की फोन टेबलावर उभा करते, तो फोटो उघडते, खुर्ची ओढून जवळ बसते आणि विचारते, "काय झालं रे, दादा?"