तटस्थ राहायची परीक्षा

आम्हा नवराबायकोचं एक भांडण चाळीस लोकांनी वहीत उतरवून घेतलेलं आहे, आणि त्या चाळीसही जणांकडे मानसशास्त्राची पदवी आहे.

मी अमरावतीला राजापेठेत समुपदेशन केंद्र चालवते. खाली गणिताचे क्लासेस, वर मी. (खालून वर येणारे पालकच जास्त.) आमच्या व्यवसायात एकदा शिकून भागत नाही. नव्या पद्धती येत राहतात, त्यांची प्रशिक्षणं निघत राहतात, आणि मी एकही सोडत नाही. भीती, राग, शोक, व्यसन, किशोरवय, सगळं झालं. राहिलं होतं ते दांपत्य समुपदेशन. त्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण अकोल्याला निघालं. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. खोट्या खोट्या जोडप्याबरोबर वीस मिनिटांचं सत्र घ्यायचं, ते पास झालं की प्रमाणपत्र.

पहिल्या दिवशी मी एसटीनं गेले आणि कंबर धरून परत आले. म्हणून दुसऱ्या दिवशी आमचे हे, म्हणजे विलास, म्हणाले, "चाल, मीच सोडतो गाडीनं. मले बी ठिबकच्या नळ्या पाहाच्या आहेत अकोल्यात." मोर्शी रोडला यांची फुलशेती आहे. झेंडू आणि शेवंती. शेवंतीशी हे तासन्‌तास बोलतात. माणसांशी मोजकंच, पण जे बोलतात ते थेट.

म्हणूनच हॉलच्या दारात मी यांना बजावलं, "आत येऊ नका. इथे सगळे शिकलेले लोक आहेत."

"मंग मी काय रानातून पकडून आणेल आहो का?" हे म्हणाले आणि नळ्या पाहायला गेले.

आता झालं असं, की जोडप्यांची कामं करायला एका कॉलेजातली नाटकवाली मुलं-मुली येणार होती, त्यातली निम्मी आलीच नाहीत. बायकोचं काम करायला आमच्यातल्याच कुंदाताई उभ्या राहिल्या. तेल्हाऱ्याच्या शाळेत त्या समुपदेशक आहेत, आणि त्यांना कशालाच नाही म्हणता येत नाही. नवरा मात्र मिळेना. आमच्या वर्गात पुरुष दोनच, आणि दोघंही परीक्षेच्या धसक्यानं पांढरे पडलेले. शेवटी पुण्याहून आलेल्या प्रशिक्षक मॅडम स्वतः बाहेर गेल्या आणि व्हरांड्यात चहा पीत बसलेल्या एका गृहस्थांना घेऊन आत आल्या.

ते गृहस्थ आमचे हे होते. नळ्यांचं दुकान बंद निघालं होतं.

"तुम्हाला नवऱ्याची भूमिका करायला जमेल ना?" मॅडमनी विचारलं.

"बारा वर्षांपासून करूनच राहिलो," हे म्हणाले.

हॉल हसला. मॅडमनी चिठ्ठी काढली. समुपदेशक म्हणून माझंच नाव निघालं.

इथे मी उठून सांगायला हवं होतं. समोरचा माणूस नात्यातला नको, हा पहिलाच नियम होता. पण आज परीक्षा हुकली तर पुन्हा सहा महिने थांबा, आणि शिवाय "हे माझे यजमान" असं चाळीस लोकांपुढे सांगायचं म्हणजे... सकाळीच त्यांना दारातून परतवलं होतं ना मी! मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मला ओळखच दिली नाही. दारातलं बोलणं मनाला लागलं होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. (मी समुपदेशक आहे.)

आम्ही तिघं खुर्च्यांवर बसलो. मॅडमनी यांच्या हातात तक्रारीचं कार्ड दिलं. यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं आणि खिशात टाकलं. "चष्मा गाडीत राह्यला. मी आपलं मनानंच सांगतो."

"सांगा," मी म्हणाले. "काय त्रास होतोय तुम्हाला?"

"तसा त्रास नाई मॅडम. पण माही बायको घरी बी समुपदेशनच करते. मी म्हटलं भाजीत मीठ कमी आहे, तर ते म्हणते, 'मीठ कमी आहे असं तुम्हाला वाटतंय.' आता मले सांगा, मीठ कमी आहे का मले वाटते?"

मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मी पुस्तकात शिकवल्याप्रमाणे मान हलवली आणि सवयीनं म्हणाले, "म्हणजे, मीठ कमी आहे असं तुम्हाला वाटतंय."

"पाह्यलं?" हे हॉलकडे वळून म्हणाले.

आता चाळीस जण उघड हसत होते. कुंदाताईंना वाटलं, आपण बायको आहोत तर काहीतरी बोललं पाहिजे. त्या पदर खोचून पुढे सरकल्या. "मीठ कमी आहे तं उठून घेत काहून नाई? डबा दिसत नाई का?"

"दिसते ना. पण डब्यावर तुह्यं सर्टिफिकेट ठेवेल असते." हे आता रंगात आले होते. "मॅडम, दर शनिवार-रविवार ट्रेनिंग. भिंतीवर जागा नाई राह्यली. माह्या वडलांचा फोटो बैठकीतून काढून स्वयंपाकघरात लावला."

"स्वयंपाकघरात नाही, जिन्यात!" मी म्हणाले.

मॅडमची पेन्सिल थांबली. "तुम्हाला कसं माहीत?"

"अनुभवानं," मी म्हणाले. "बहुतेक केसेसमध्ये जिन्यातच जातात."

चाळीस लोकांनी ते लिहून घेतलं.

मी विषय बदलायला तोंड उघडलं. पण कुंदाताई आता पूर्णपणे संसारात उतरल्या होत्या. "मंग मी शिकते, ते खुपते का तुमाले?"

"खुपत नाई," हे म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "मोठेपण वाटते. लोक येतात, रडत येतात, निवून जातात. दोन-दोन तास ऐकते ते त्यायचं. मी संध्याकाळी घरी आलो का म्हणते, आज लय ऐकलं, आता डोकं दुखून राह्यलं. शेवंतीवर मावा पडला होता मागल्या महिन्यात. अर्धं वावर गेलं. सांगाचं होतं तिले. राह्यलंच."

मला तर कीड पडल्याचं पहिल्यांदाच कळत होतं. अर्धं वावर! इथे समुपदेशकानं सात सेकंद शांत राहायचं असतं. मी दोनही राहिले नाही.

"अहो, मग सांगायचं ना! डोकं दुखतं म्हणाले, कान दुखतात म्हणाले का? मी काय परकी आहे? आणि मी विचारलं तेव्हा काय म्हणालात? 'बरं चाललं आहे.' बाराही महिने तुमचं बरंच चाललेलं असतं!"

"मॅडम," कुंदाताई ताडकन उठल्या आणि यांच्या खुर्चीपुढे आडव्या झाल्या, "माह्या नवऱ्यावर ओरडू नका. गरीब आहे तो."

"तुमचा नवरा?" माझ्या तोंडून गेलं. "माझा आहे तो!"

त्यानंतर जे झालं ते कोणत्याच पुस्तकात नाही. कुंदाताई दोन पावलं मागे सरल्या आणि यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अवो बाई, मले वाटलं माणूस ॲक्टिंग करून राह्यला." मॅडमनी चष्मा काढून पुसला. यांनी उठून त्यांना नमस्कार केला. "सॉरी मॅडम. ह्या माह्या मिसेस. मले आत येऊ नका म्हणे."

निकाल जेवणानंतर लागला. 'तटस्थता' या रकान्यात मला शून्य. मॅडम म्हणाल्या, की एवढ्या वर्षांत त्यांनी या रकान्यात कुणालाच शून्य दिलं नव्हतं. सहा महिन्यांनी पुन्हा यायचं. कुंदाताईंनी केलेल्या बायकोला मात्र टाळ्या मिळाल्या. सत्राला बसलेल्यांनी भरायच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'या समुपदेशकाकडे पुन्हा याल का?' यांनी लिहिलं होतं, 'यावंच लागते.'

परतीला उन्हं कलली होती. मी ठरवलं, प्रमाणपत्र गेलं तर गेलं, या माणसाचं आज पोटभर ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, काही दुखतंय म्हणायचं नाही. "सांगा," मी म्हणाले. हे सुरू झाले. मावा कसा पडला, फवारणी कशी चुकली, मजूर कसे ऐन वेळी फिरले, नवी रोपं कुठून आणायची. मूर्तिजापूरपर्यंतचं मला शब्दन्‌शब्द आठवतं.

त्यापुढचं आठवतं ते एकदम बडनेऱ्याचं फाटक. मान अवघडलेली, पदर गालाखाली गोळा झालेला, आणि हे अजून बोलतच होते. मग गाडी थांबवून यांनी समाधानानं मोठा श्वास सोडला.

"आज खरंच मोकळं वाटलं बाप्पा," हे म्हणाले. "असं ऐकाचं असते. मधात एक शब्द बोलली नाई तू."

मी गंभीरपणे मान हलवली. माझ्या आजवरच्या व्यवसायातलं सर्वांत यशस्वी सत्र मी घोरत घेतलं होतं.