बरा असल्याचा दाखला

डॉक्टर भेटले की आधी तुमचा कान धरायचे. शाळेत गुरुजी धरत तसा नव्हे. कानाच्या मुळाशी दोन बोटं टेकवायची, डोळे बारीक करायचे, क्षणभर थांबायचं आणि निकाल द्यायचा, "कान थंड हाय. बाकी बराबर हाय." त्यानंतर रामराम.

आमच्या तीर्थपुरीत याचा कोणाला राग यायचा नाही. जनावराचा ताप कानाच्या मुळाशी कळतो, आणि डॉक्टरांचा उभा जन्म जनावरांत गेलेला. खरं तर ते डॉक्टर नव्हतेच. गुरांच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. खरे डॉक्टर बदलीवर यायचे आणि बदलीवर जायचे. म्हैस अडली की गाव यांच्याच दारात उभं. मग पदवी गावानंच देऊन टाकली, आणि ती रिटायर झाल्यावरही काढून घेतली नाही. तुमच्याही गावात असा एखादा बिनपदवीचा डॉक्टर असेलच.

माझं बसस्टँडसमोर ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड, जन्माचा दाखला, मयताचा दाखला, सगळं निघतं. आमच्याकडे 'ऑनलाइन' ही सोय नाही, ते ठिकाण आहे. "कुठं चाललास?" विचारलं की माणूस म्हणतो, "ऑनलाइनला." त्यामुळे एका मंगळवारी डॉक्टर आधारकार्डाची झेरॉक्स आणि दोन पासपोर्ट फोटो घेऊन रांगेत उभे राहिले, तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही.

"भाऊ, ते बोलायचं ऑनलाइन करून दे," ते म्हणाले.

"काय बोलायचं?"

"ते मला काय ठाऊक? पोरीनं पुण्याहून लावून दिलंय. एक मॅडम हायेत. सहा वेळा बोलायचं, मंग मॅडम दाखला देणार."

"कसला दाखला?"

"मी बरा असल्याचा."

भानगड अशी होती. काकू, म्हणजे डॉक्टरांची बायको, जाऊन दोन वर्षं झाली होती. दिवाळीला मुलगी आली, तिनं स्वयंपाकघरात पाहिलं, तर नऊ महिन्यांपूर्वी लावलेला गॅसचा सिलिंडर अजून चालू. गावाला हे माहीत होतं. गावाला त्याचं कौतुक होतं. "डॉक्टरासारखा काटकसरी माणूस न्हाई," असं आम्ही एकमेकांना सांगायचो, मी तर माझ्या बायकोला उदाहरण म्हणून द्यायचो. मुलीनं मात्र सिलिंडर हलवून पाहिला आणि तिथंच खाली बसून रडली. माणूस चहा-टोस्टवर जगत होता. कोणी जेवायला बोलावलं की म्हणायचा, "जेवून आल्तो." मुलीनं अट घातली. एक तर पुण्याला चला, नाही तर निदान या समुपदेशक बाईंशी सहा वेळा बोला, मग बघू. डॉक्टरांना गाव सोडायचं नव्हतं. म्हणून दाखला.

आधी फॉर्म होता. फॉर्म म्हटलं की मी मोठ्यानं वाचतो आणि मोठ्यानं विचारतो, ती माझी कामाची पद्धत आहे. रांगेत दहा-बारा माणसं होती.

"गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस वाटला नाही, असं किती दिवस झालं?"

"रस? शुगर हाय मला. रस बंद केलाय," डॉक्टर म्हणाले.

"आता उसाचा सीझन, एखादा गिलास घेतला तर काय होतंय?" रांगेतून सल्ला आला.

"निराश किंवा उदास वाटतं का? अजिबात नाही, काही दिवस, जवळपास रोज?"

"अजिबात न्हाई," हे उत्तर डॉक्टरांनी नाही, रांगेत तिसऱ्या नंबरवर असलेल्या, पिशवीत पीकविम्याचे कागद घेऊन बसलेल्या बाईंनी दिलं. "हसतमुख माणूस हाय. लिव्हा, अजिबात न्हाई." मी लिहिलं. झोप, भूक, एकाग्रता, सगळे प्रश्न गावानं बहुमतानं सोडवले. तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं, यावर थोडा वाद झाला. दोघांनी सरपंचांचं नाव सुचवलं. शेवटी मी माझा नंबर टाकला. डॉक्टरांनी सवयीनं अंगठा पुढं केला. अंगठ्याचं मशीन याला लागत नाही म्हटल्यावर त्यांचा थोडा विश्वास उडाला. बिनअंगठ्याचं काम पक्कं नसतं.

मागच्या खोलीत, जिथं मी कागदाचे गठ्ठे ठेवतो, तिथं लॅपटॉप लावून दिला. खोलीला दार आहे, पण ते कधी लावलेलं नाही, कारण त्याच्यामागं लॅमिनेशनचं मशीन असतं. पडद्यावर मॅडम आल्या. तिशीच्या असतील, चष्मा, मागं एक हिरवं झाड.

"नमस्कार काका. आपण इथे जे बोलू ते फक्त आपल्या दोघांतच राहील. तुम्ही आत्ता एकटे आहात ना?"

डॉक्टरांनी वळून पाहिलं. दारात आम्ही सहा जण होतो.

"हो हो, एकटाच हाय," ते म्हणाले. "बाकी सगळी आपलीच माणसं हायेत."

मॅडमनी नक्की काय समजून घेतलं कोण जाणे. बहुतेक त्यांना वाटलं, काका जवळच्या माणसांबद्दल बोलताहेत. त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी टिपून घेतलं. पन्नास मिनिटं झाली. मॅडमनी औषध दिलं नाही, पथ्य सांगितलं नाही, नुसतं विचारत राहिल्या. बाहेर आल्यावर डॉक्टर चक्रावलेले होते.

"हिला काहीच माहीत न्हाई लेका. सगळं मलाच विचारून राह्यली."

मी म्हणालो, "पहिल्यांदा माहितीच घेतात. जातीच्या दाखल्याला नाही का, आधी पन्नास वर्षांचे पुरावे मागतात."

ते त्यांना पटलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मंगळवारी गर्दी वाढली. लोकांची माझ्या सेंटरात नेमकी त्याच वेळेत कामं निघू लागली, हेही खरं आहे, मी काही तक्रार करत नव्हतो. मॅडम म्हणाल्या, "भावनांना थोडी जागा द्या काका," तर दारातून आवाज आला, "ती केवढी लागंल?" मॅडम म्हणाल्या, नात्यांमध्येही सीमारेषा आखाव्या लागतात. डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं बांधावरूनच कोर्टात चाललंय समदं. तेवढं सोडून बोला." नेटवर्क गेलं की मॅडमचं तोंड अर्धं उघडं राहायचं, आणि आम्ही सगळे त्या काय म्हणणार होत्या याचे अंदाज बांधायचो. गावाला दोन-तीन वाक्यंही मिळाली. चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं की कापसाला यंदा बोंडअळी लागली, तर दुसरा विचारायचा, "हे ऐकून तुम्हाला कसं वाटतं?"

मी हे हसत सांगतोय, कारण तेव्हा मी हसत होतो.

एकदा मात्र डॉक्टरांनी उलटंच केलं. मॅडम काही विचारणार, तोच पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाले, "पोरी, डोळ्याखाली काळं झालंय तुझ्या. जेवली का?" मॅडम म्हणाल्या, "काका, ही वेळ तुमच्यासाठी आहे." त्यांचा आवाज जरा हलला होता. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "उपाशी हाय ती. जनावर असतं तर कान धरून सांगितलं असतं." स्वतः सकाळपासून दोन टोस्टवर होते.

चौथ्या वेळी पहिल्या मिनिटालाच त्यांनी नेहमीसारखं सांगून टाकलं, "बाकी बराबर हाय मॅडम."

"काका," त्या म्हणाल्या, "दर वेळी तुम्ही म्हणता, बाकी बरोबर आहे. कोणती गोष्ट सोडून बाकी?"

मला वाटलं नेटवर्क गेलं. मी वाकून राऊटर पाहिला, चारही दिवे लागलेले होते. मॅडमच्या मागचं झाड पंख्यानं हलत होतं. त्या नुसत्या थांबल्या होत्या.

"घर," डॉक्टर म्हणाले.

मॅडम अजून थांबल्याच.

"संध्याकाळचं कुलूप उघडतो. आत जायाला भ्या वाटतं. मंग ओट्यावरच बसतो. मोठ्यानं खाकरतो दोनदा. ती असताना खाकरलं की आतून आवाज यायचा, आले का. दोन वर्षं झाली मॅडम, मी अजून खाकरून राह्यलो. एकट्यापुरती चूल पेटवायला हात उचलत न्हाई. आन् गावात कोणाला सांगावं? गाव मलाच इचारायला येतंय."

बाहेर माझा प्रिंटर कोणाचा तरी आठ-अचा उतारा छापत होता, तो मी बंद केला. दारात सात-आठ माणसं होती आणि कोणी कोणाकडं बघत नव्हतं. पीकविम्याच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मला माझी लाज वाटली, अगदी सरळ लाज. त्या सिलिंडरचं कौतुक मी किती जणांना ऐकवलं होतं! मी लॅमिनेशनचं मशीन दोन्ही हातांनी उचललं, बाहेर आणून ठेवलं आणि दार लावलं. दार फुगलं होतं, गुडघा लावून ढकलावं लागलं.

पाचव्या मंगळवारी मी अकरा ते बारा सेंटर बंद ठेवलं. लोक शटरबाहेर उन्हात उभे राहून मला शिव्या देत होते, त्यातल्या निम्म्यांचं काम सेंटरात नव्हतंच. त्या दिवशी डॉक्टर काय बोलले, मला माहीत नाही. आणि माहीत नाही याचा मला आजही थोडा त्रास होतो, खोटं कशाला बोलू!

सहाव्या वेळी ते लवकर बाहेर आले.

"दाखला?" मी विचारलं.

"न्हाई देत म्हणाली. असा दाखला नसतो म्हणे. पोरीला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा म्हणाली."

माझा धंदाच दाखल्यांचा. एवढ्यासाठी माणसानं गाव सोडावं, हे मला सहन होईना. म्हणालो, "डॉक्टर, मी काढून देतो. वर फोटो, खाली गोल शिक्का, इंग्रजीत दोन ओळी. पुण्यात कोण तपासतंय? मजकूर तेवढा सांगा."

ते म्हणाले, "नको."

त्यांनी मोबाइल काढला. डॉक्टर सगळं स्पीकरवर बोलायचे, त्यांच्या मुलीचा आवाज स्टँडवरच्या कंडक्टरलाही ओळखू यायचा. त्या दिवशी त्यांनी स्पीकर बंद करायला मला सांगितलं आणि फोन कानाला लावला. मी स्टेपलरच्या पिना भरत बसलो. तरी त्यांच्या बाजूचं ऐकू आलंच.

"घेऊन जा मला... न्हाई, आजारी न्हाई... अगं, दाखला न्हाई भेटला... मला एकट्याला भ्या वाटतंय इथं." मग बराच वेळ ते ऐकत होते. "न्हाई, तू म्हणती म्हणून न्हाई येऊन राह्यलो. मला यायचंय."

गाव खवळलं. ऑनलाइनवाल्या बाईनं आमचा डॉक्टर पळवला, आणि फॉर्म कोणी भरला, तर यानं. महिनाभर मला कोणी धड बोलेना. डॉक्टरांकडं मात्र रीघ लागली. दोन वर्षं ज्यांनी त्यांच्या घरात डोकावून पाहिलं नव्हतं, त्यांचे सकाळ-संध्याकाळ डबे येऊ लागले. एका घरून पिठलं-भाकरी, दुसऱ्या घरून पुरणपोळी, शुगर असताना. "काहून चाललात डॉक्टर? काय कमी हाय इथं?" असं विचारता विचारता लोक आपल्या गाईच्या कासेबद्दलही विचारून घेत होते. डॉक्टर थोडं थोडं सगळ्यांचं खायचे आणि गाईला काय द्यायचं ते सांगायचे. रागावले नाहीत. मी असतो तर रागावलो असतो.

रविवारी सकाळी मुलगी गाडी घेऊन आली. सामान म्हणजे दोन पिशव्या आणि काकूंचा फोटो. निम्मं गाव ओट्यासमोर जमलं होतं. प्रत्येक जण सांगत होता, चार दिवस राहा अन् परत या, हवापालट म्हणून जा, घर काय पळून जातंय का! डॉक्टर कोणाला हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पुढच्या सीटवर बसले, काच खाली घेतली, हात जोडले.

"जातो," ते म्हणाले.

आपल्याकडं निघताना असं कोणी म्हणत नाही. दुकानात चहापत्ती आणायला निघालेला माणूसही 'येतो' म्हणतो. जमलेल्या बाया एकदम कळवळल्या. शेजारची म्हातारी गाडीच्या खिडकीला धरून म्हणाली, "अवो डॉक्टर, असं बोलू न्हाई. येतो म्हना, येतो."

"न्हाई मावशी," ते तिचा हात थोपटत म्हणाले. "खरं तेच म्हणून राह्यलो. जातो."

'येतो'ला 'या' म्हणायचं, हे लहानपणापासून आम्हाला पाठ. 'जातो'ला काय म्हणायचं, ते कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यांचे हात अजून जोडलेले होते, आणि ते आळीपाळीनं आमच्या तोंडाकडं बघत होते. कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

"जा, डॉक्टर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, आणि मुलीनं गाडी सुरू केली.