बंदुकीची चिंधी

कापड बोटांत धरलं की ते सुती आहे की टेरीकॉट, हे मला डोळ्यांनी बघावं लागत नाही. शेलूबाजारात माझं शिलाईचं दुकान आहे, आणि माझ्या हाताबद्दल मी कुणाचं ऐकून घेत नाही. पण याच हाताने बाबांची बंदूक सुधारेल असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी वर ठेवायची, गजाने ठासायची, मग चाप. पीक राखायचा परवाना बाबांच्या नावावर. कामरगावकडच्या आमच्या शिवारात रानडुकरांनी हरभरा उकरला की लोक वनखात्याचा कागद घेऊन बाबांकडेच यायचे. माय गेली आणि त्यानंतर बंदुकीचं काहीतरी बिनसलं. एक गोळी डावीकडे, दुसरी धुऱ्यात, म्हणजे बांधाच्या मातीत, तिसरीचा पत्ताच नाही. लोक यायचे थांबले. बाबाही गप्प झाले.

“डोये गेले त्यायचे,” धाकटा भाऊ म्हणाला. “नाचता येईना अंगण वाकडं. आज बंदूक ठाण्यात जमा करतो अन् वावराले झटका मशीन लावतो.”

झटका मशीन म्हणजे तारेच्या कुंपणात करंट सोडणारं यंत्र. चांगलं असतं, माझं त्याच्याशी वाकडं नाही. पण बाबा ‘लाव बापा’ म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. उभ्या जन्मात ज्याने कुणाचं ऐकलं नाही, तो माणूस मुकाट मान हलवतो म्हणजे काय! मी भावाला म्हटलं, “आज बाबांच्या गोळीनं माठ फुटला तर बंदूक घरी राह्यल. नाही फुटला तर मीच चालते तुमच्यासोबत ठाण्यात.”

“तू कपडे शिव.”

“शिवतेच आहे. तू माठ आण.”

माठ बाजूला ठेवला आणि आधी विहिरीजवळच्या धुऱ्याला पुठ्ठा टेकवून त्यावर कोळशाने गोल काढला. शिलाईत टाका बिघडला तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. सुई, नाहीतर दोरा, नाहीतर ताण. तिन्ही एकदम बदलले तर दोष कशात होता ते जन्मात कळत नाही. बाबांचं नेमकं उलट चाललं होतं. नेम चुकला की दारू वाढव, लगेच गोळीही बदल. दुखणं रेड्याला अन् औषध पखालीला.

बंदूक मी रेतीच्या पोत्यावर टेकवायला लावली, म्हणजे हात हलला हे कारण उरायला नको. बाबांच्या बांबूच्या पोंग्याने, म्हणजे नळकांड्याने, दारूचं नेहमीचं माप घेतलं. गोळ्या पुठ्ठाभर पसरल्या. दारू थोडी कमी केली. जराशा जवळ आल्या, पण पसरल्याच. गोळी तीच, पोतं तेच, दारू बदलून बघितली. आता उरलं काय?

पुढे जमिनीवर उडालेल्या चिंध्या पडल्या होत्या. एक उचलली आणि बोटांनी सांगून टाकलं. कडक झाली होती, कडेला वितळून मणी धरले होते. टेरीकॉटवर इस्त्री विसरली की येतो तसाच वास.

“बाबा, ही चिंधी कशाची?”

“तुह्या भावाच्या जुन्या पँटची. घरात दुसरं हायेच काय?”

“पयले कोणती लावत होते?”

“तुही माय बोचक्यातून काढून द्याची. मी कधी पाह्यलंच नाई, काय देते ते.”

मला हसू आलं. कापसाचा मुलूख, आणि घरात सुती चिंधी नाही. सुती कापड गोळीला घट्ट धरून नळीबाहेर नेतं. हे वितळून नळीलाच चिकटत होतं, मग गोळी जाईल तिकडे जाईल. मी म्हटलं, सुती मांजरपाट आणते, धुऊन खळ काढते, उद्या बघा. भावाने तोवर मोटरसायकल सुरू केली होती.

बाबा घरात गेले आणि वाकळ घेऊन आले. मायने स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. ती गेल्यापासून ते तीच अंगावर घेतात. मी त्यांचा हात धरला.

“बाबा, ही नको. उद्या आणते म्हटलं ना.”

“उद्या बंदूक ठाण्यात राह्यल,” ते म्हणाले, आणि कोपरा त्यांनीच फाडला. सुती फाटण्याचा आवाज मी दिवसभर ऐकते. त्या दिवशी मी तोंड फिरवलं.

नळी गरम पाण्याने धुऊन कोरडी केली. पहिली गोळी गोलात. दुसरी तिच्या शेजारी. मग मी माठ धुऱ्यावर ठेवला. बाबांनी पोतं पायाने बाजूला सारलं, उभे राहिले, बंदूक खांद्याला लावली. माठाच्या खापऱ्या झाल्या.

भावाने गाडी बंद केली. उतरून विचारलं, “परवाना नवा कराले फोटो लागते काय?” मी म्हटलं, लागतात, आणि बाबांना घेऊन तूच जा.

बाबा धुऱ्यावर बसले. उरलेली चिंधी मुठीत होती. शाबासकी द्यायला मी तोंड उघडलं, तर ते रडत होते.

“इतके वर्सं लोकं माह्यं नाव घेत व्हते,” ते म्हणाले. “अन् मी तिले एकदाबी इचारलं नाई, तू काय देतं म्हणून.”