नाक्यावर बसलेली सकू

सकू सगळ्यांना 'तू' म्हणायची. जव्हारच्या बाजारातल्या वाण्याला तू, तहसील कचेरीतल्या कारकुनाला तू, आणि ज्यांच्या कॉम्प्युटर क्लासात ती झाडलोट करायची त्या हेमराज सरांनाही तूच. त्यात उर्मटपणा नव्हता. जामसरच्या बाजूला तिचा पाडा होता आणि तिथे अहोजाहो करायची पद्धतच नाही. पण सरांना ते झोंबायचं. "हिला आधी बोलायला शिकवा रे कोणीतरी," असं ते आमच्यासमोर म्हणायचे, आणि आम्ही हसायचो. सर हसले की हसायचं, ही आमची तिथली पहिली शिकवणी.

ही गोष्ट दोन हजार सहा-सातची. क्लास कापड दुकानाच्या माडीवर होता. सहा कॉम्प्युटर, एक गळका कूलर, आणि धुळीनं मशीन बिघडतं म्हणून चपला बाहेर काढायचा कडक नियम. दप्तरं दाराजवळच्या फळीवर. सकूची पिशवी त्याच फळीखाली खिळ्याला टांगलेली असायची. ती तेव्हा पन्नाशीला टेकलेली होती. नवरा भिवंडीकडे कामाला गेला तो तिकडचाच झाला, मुलगी लग्न होऊन मोखाड्याला गेली. सकू रोज जीपनं यायची, जीप भरली नाही तर चालत, आणि सरांच्या आधी दाराशी हजर असायची.

रविवारी शिकवणी नसे, खेळ असे. सरांनी नाशिकहून एक सीडी आणली होती. त्या खेळात चार शिकारी आणि एक राक्षस. प्रत्येकानं आपापल्या कॉम्प्युटरवर बसायचं, पण रान सगळ्यांचं एकच. शिकाऱ्यांकडे बंदुका, पण जीव चिमणीएवढा. राक्षसाचा एक फटका बसला की शिकारी संपला. राक्षसाला पावलं ऐकू यायची, आणि जो हलेल तो त्याला तांबडा दिसायचा. त्याला मारायचे दोनच मार्ग. अंगावर शंभर गोळ्या घाला, नाहीतर मानेमागे एक पिवळा ठिपका होता तिथे एकच गोळी मारा. पण राक्षस पाठ कशाला दाखवतो?

राक्षस नेहमी सर. दुसऱ्या कोणाला त्यांनी तो कधी होऊ दिला नाही. आम्हा चौघांना पाच मिनिटांत लोळवायचे आणि खुर्ची मागे ढकलून म्हणायचे, "मला हरवा, मागाल ते देईन!" दर रविवारी हेच वाक्य.

आता माझं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगायला मला तोंड नाही. सरांना हरवायचा ध्यास मला लागला होता. मोखाड्यात माझ्या मामेभावानं नवीन कॉम्प्युटर घेतला होता, तिथे सराव करावा म्हणून मी एका शनिवारी सरांच्या खणातून ती सीडी उचलली. नक्कल करून सोमवारी परत ठेवणार होतो. पण खेळ कॉम्प्युटरांत भरलेलाच होता, म्हणून रविवारी सर खण उघडतील हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

रविवारी खण रिकामा. सर लालबुंद झाले. वर्गात आम्ही अकरा जण होतो. त्यांनी एकाचंही दप्तर बघितलं नाही. सरळ खिळ्यावरची सकूची पिशवी काढली आणि टेबलावर उलटी केली.

पावसाचे दिवस होते. चालत यावं लागलं तर बदलायला म्हणून ती कोरडे कपडे आणायची. नागलीची भाकर पडली, कागदात बांधलेली सुकट पडली, तंबाखूची डबी, अर्धा कंगवा, आणि त्यावर तिचा परकर पडला. जुना, तीन ठिकाणी फाटलेला, दोन ठिकाणी वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेला. सरांनी तो पट्टीच्या टोकानं उचलून बाजूला केला. कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. मीही हसलो. सीडी माझ्या घरी, माझ्या उशीखाली, आणि मी हसत होतो.

सकूनं एकेक वस्तू उचलून पिशवीत भरली. परकर शेवटी, नीट घडी घालून. "नाय घेतली मी," एवढंच बोलली. सर म्हणाले, "तुम्हा लोकांची जातच..." आणि पुढचं गिळलं, कारण आमच्यातले निम्मे तिच्याच रानातले होते. हसणं मात्र कोणी गिळलं नव्हतं.

सोमवारी लवकर जाऊन मी सीडी खणात मागच्या बाजूला सरकवली. मला वाटलं, कोणी बघितलं नाही. दोन दिवसांनी सरांना ती सापडली. ते एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या रविवारी राक्षस पुन्हा सुरू, जणू काही घडलंच नाही. सकूच्या नावाला लागलेला डाग तसाच राहिला. खालचा दुकानदार ती आली की गल्ल्याजवळ उभा राहू लागला. जीपवाला म्हणायचा, "सकूबाय, पिशवी मांडीवर घे, लोकांच्या सामानात ठेवू नको." मला हे सगळं दिसत होतं आणि मी गप्प होतो. माझ्या गप्प बसण्याला आजही मी चांगलं नाव देऊ शकत नाही.

सकू काम सोडेल असं वाटलं होतं. तिनं सोडलं नाही. उलट रविवारी ती लवकर निघून जायची ती थांबायला लागली. फडकं घेऊन सरांच्या मागच्या खिडक्या पुसायची. एक खिडकी अर्धा अर्धा तास. अकरा महिने तिनं त्या खिडक्या पुसल्या, आणि काचा काही एवढ्या मळत नव्हत्या.

मे महिन्याच्या शेवटी एका रविवारी सर असेच जिंकले, खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाले, "मला हरवा, मागाल ते देईन!"

खिडकीशी उभी सकू म्हणाली, "मी मागलं तर देशील?"

सर वळले. "तू खेळणार?"

"ह्या पोरांसंगं खेळंन. हरलो तर उद्यापास्नं झाडू ठेवते, पुना येत नाय."

"आणि जिंकलीस तर काय पाहिजे? साडी?"

"तुझी पिशवी. ह्या टेबलावर उलटी करंन. सगळ्यांसमोर."

मग सर मोठ्यानं हसले, पण त्यांचा हात खुर्चीला टांगलेल्या कातडी बॅगेकडे गेला तो मी पाहिला. नाही म्हणावं तर मोलकरणीला घाबरले असं होणार. "पुढच्या रविवारी," ते म्हणाले. "तयारी कर."

सकूनं तिघांना निवडलं. चंदा, जिचा हात की-बोर्डवर सगळ्यात चपळ होता. रघु, जो सगळ्यात जास्त आरडाओरडा करायचा. आणि मी. मला का, ते मी विचारलं नाही. माझ्या नेमबाजीमुळे असेल असं वाटून मी फुशारलोसुद्धा.

आठवडाभर दुपारी सर जेवायला गेले की ती आम्हाला शिकवायची. हो, ती आम्हाला. तिचा बाप कान्हा म्हणजे त्या रानातला नावाजलेला शिकारी. ती लहान असताना गावं मिळून हाका घालायची. हाकारे ओळीनं निघायचे, डबे बडवत, ओरडत, आणि जनावराला पुढे रेटायचे. जनावर पळून पळून ज्या अरुंद वाटेनं निसटणार, तो नाका. नाक्यावर एकच माणूस बसायचा, कान्हा. सकू परकर खोचून पत्र्याचा डबा वाजवत हाकाऱ्यांत पळायची. बायकांना नाक्यावर कोण बसवतो?

"तुमी चवघं चार बाजूंनी मारायला पळता," ती म्हणाली. "सगळ्यांनाच मुंडी पायजे. मंग त्यो एकेकाला खातो. तिघांनी हाकायचं. मारायचं नाय, हाकायचं. बंदूक वरती वाजवायची. त्याला लागलं ना, का त्यो पाण्यावर जातो. दर बारी. मी बघलंय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खरंच होतं. खेळातल्या रानात एक ओढा होता आणि सर थोडे जखमी झाले की तिथेच जायचे, कारण पाण्यात राक्षसाची जखम भरायची. ओढ्याकडे जाणारी वाट दोन कातळांमधून होती. आम्ही शंभरदा खेळलो होतो आणि हे एका खिडकी पुसणाऱ्या बाईनं आम्हाला सांगावं.

"पण तुला बंदूक चालवता कुठं येते, मावशी?" रघु म्हणाला.

"मना बसता येतं," सकू म्हणाली.

चंदानं तिला माउसचं एक बटण दाखवलं, तेवढंच. सकू त्याच्यावर बोट ठेवून बसायची. अर्धा अर्धा तास बोट हलत नसे. बापानं सांगितलेलं एकच वाक्य ती सारखं सांगायची. "डुकराला पुढून मारू नको. अंगावर येईल. जाऊ दे त्याला. त्याला वाटू दे गेलो आपून. मंग मार."

त्या रविवारी सगळे अकरा जण आले होते, शिवाय खालचा दुकानदारही वर येऊन उभा राहिला. सकूनं हात धुतले, पदर खोचला आणि सहा नंबरच्या कॉम्प्युटरवर बसली. खेळात शिकाऱ्यांना सुरुवातीला एक मिनिट मोकळं मिळायचं. तेवढ्यात चंदानं सकूच्या शिकाऱ्याला दोन कातळांपाशी नेऊन कपारीत उभं केलं, बंदूक वाटेवर रोखली आणि पळत आपल्या जागेवर आली. सकूचा हात माउसवर हलत नाही, एवढंच सरांनी पाहिलं. "बाईला दगड केलं की काय!" ते म्हणाले. सगळे हसले.

मग आम्ही हाका सुरू केला. रघु खेळातही ओरडत होता आणि खोलीतही. आम्ही तिघं ओळ धरून, हवेत गोळ्या झाडत, खालच्या अंगानं वर चढत होतो. सरांना आधी गंमत वाटली. त्यांनी रघुला झडप घालून मारलं, पण त्या झटापटीत चंदानं त्यांच्या अंगावर वीसेक गोळ्या घातल्या. मग त्यांनी चंदाला मारलं. राहिलो मी. मी पळालो नाही, तेवढं एक त्या दिवशी मी बरं केलं. पाय रोवून बंदूक रिकामी केली आणि मेलो. राक्षस लंगडायला लागला होता.

"आता तुझी बाई," सर माझ्याकडे बघून म्हणाले. "आधी पाणी पिऊन येतो."

राक्षस कातळांच्या वाटेनं निघाला. सकूच्या पडद्यावर तो समोरून येताना दिसला. काळा, पडदाभर. मागून कोणीतरी कुजबुजलं, "मार, मार." सकूचं बोट हललं नाही. ती हलली नव्हती म्हणून सरांना ती दिसतही नव्हती, आणि ती पाण्याच्या वाटेवर बसली असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. ज्या बाईला त्यांनी कधी माणसात मोजलं नाही, तिला खेळात तरी कशाला मोजतील? राक्षस तिच्या अगदी जवळून गेला. पुढे गेला. पडद्यावर त्याची पाठ आली, मान आली, आणि पिवळा ठिपका मधोमध आला.

तिनं बटण दाबलं.

राक्षस वाटेतच आडवा पडला. रघु टेबलावर चढून नाचला. सकू उठली, सरांच्या खुर्चीवरची बॅग काढली आणि दोन्ही हातांनी उलटी केली.

डबा पडला. चष्म्याचं घर पडलं. केस काळे करायच्या तीन पुड्या पडल्या, आणि एक बनियन, काखेत दोन मोठी भोकं पडलेलं. सकूनं पट्टी घेतली, टोकानं बनियन उचललं आणि बाजूला ठेवलं. सगळी माडी हसली. मला तर असा आनंद झाला की विचारू नका. अकरा महिन्यांची शरम जणू माझ्याही अंगावरून निघून गेली असं वाटलं. सकू हसली नाही.

"सीडी कुठं गावली ती सांग," ती म्हणाली.

सरांनी खाली बघून सांगितलं, "खणातच."

"मोठ्यानं."

"खणातच होती! दोन दिवसांनी मिळाली. हिनं नव्हती घेतली."

खालच्या दुकानदारानं मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. मी दप्तर घ्यायला फळीकडे वळलो.

"गोकुळ," सकू म्हणाली. "तुझी पण दे."

मी हसायचा प्रयत्न केला. तिनं हात पुढे केला होता आणि तो तसाच राहिला, माउसवर राहायचा तसा. तेव्हा मला कळलं, मी सीडी परत ठेवली त्या सोमवारी ती दारामागे होती. माझा हात खणात जाताना तिनं पाहिला होता, आणि अकरा महिने मला जाऊ दिलं होतं. तिच्यासमोरून रोज चपला काढून आत जाऊ दिलं, हसू दिलं, शेजारी बसवून हाका शिकवला.

मी दप्तर दिलं. ती उलटं करेपर्यंत मला माहीत होतं काय पडणार. दर रविवारी संध्याकाळी मी मामेभावाकडे जायचो, म्हणून ती नक्कल कायम दप्तरात असायची. पडली. त्या सीडीवर मीच हौसेनं ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'शिकार', आणि खाली माझं नाव.

कोणीच हसलं नाही. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"भर आता," सकू म्हणाली. टेबलाच्या एका टोकाला सर आपल्या पुड्या गोळा करत होते, दुसऱ्या टोकाला मी माझ्या वह्या. आमच्या मधून ती झाडू मारत गेली.

क्लास नंतर दोन वर्षांनी बंद पडला. सकू पाड्यावर परतली. मी मास्तर झालो, आणि नोकरी लागल्यावर पेढे घेऊन जामसरला तिच्या दारात गेलो. तिनं मला घोंगडीवर बसवलं, कोरा चहा दिला. मी कितीतरी दिवस मनात घोळवलेलं विचारून टाकलं, "मावशी, माफ केलंस ना मला?"

"नाय," ती म्हणाली.

"अगं, एका सीडीपायी..."

"सीडीचं काय घेऊन बसलास. ती तर तू परत ठेवलीस." तिनं पेढ्यांचा पुडा उचलला आणि न उघडता माझ्या मांडीवर ठेवला. "माझा परकर बघून तू हसलास."