कूलरच्या पाठीमागचा भुसा

आमच्या शेजारचे श्रावणभाऊ गवई पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात लाकूड कापायचं कटर मशीन घरी घेऊन आले. चौतीस वर्षं फायली इकडून तिकडे हलवल्यावर माणसाला काहीतरी खरोखर कापावंसं वाटत असावं. घराच्या बाजूला टिनाचं शेड टाकलं, स्कूटर उन्हात काढली आणि अमरावतीतल्या आमच्या शांत कॉलनीत सकाळी दहाच्या ठोक्याला मशीन गरजू लागलं. आम्ही कुणी कुरकुरलो नाही. वर्षभरात निम्म्या कॉलनीकडे श्रावणभाऊंच्या हातची स्टुलं पोचली होती. त्यातल्या काहींचे तर चारही पाय सारखे होते.

लांब फळी कापायची तर दुसरं टोक धरायला माणूस लागतं. ते टोक ललिताबाई, म्हणजे श्रावणभाऊंच्या मंडळी, धरत. नुसत्या धरत नसत, "रेघ इकडे हाये, तुमी कुठं चालले?" असं मार्गदर्शनही करत. लग्नानंतर इतका वेळ आम्ही कधीच एकत्र नव्हतो, असं श्रावणभाऊ एकदा मला म्हणाले आणि लाजून रंधा शोधायला लागले.

पण सागवानाचा भुसा. तो साखरेच्या डब्यात सापडे, पेपरच्या घडीत सापडे, श्रावणभाऊंच्या भुवयांवर तर कायमचाच मुक्कामाला होता. दीड-दोन वर्षांत ललिताबाईंना दम लागायला लागला. डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली, मग श्रावणभाऊंच्या भुवयांकडे बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, की या घरात एकतर धूळ राहील किंवा या बाई.

श्रावणभाऊंनी त्याच दिवशी मशीनवर चादर टाकली आणि गिऱ्हाईक शोधायला निघाले. ललिताबाईंनी दारातच अडवलं. "मशीन इकून दिवसभर माह्या तोंडाकडे पाहत बसान तुमी. तो तरास मले सोसनार नाई. आधी धुळीचं पाहा, मग मी येतो." एवढं सांगून त्या अकोल्याला मुलीकडे, संध्याकडे, निघून गेल्या.

आता धूळ गेली तरच बायको परत येणार होती. एवढं स्पष्ट उद्दिष्ट खात्यात त्यांना कधी कोणी दिलं नव्हतं.

पहिला प्रयोग घरच्या व्हॅक्यूम क्लीनरचा. त्याची नळी मशीनला बांधली. पिशवी दहा मिनिटांत भरली आणि यंत्र असं किंचाळलं, की समोरच्या आशाबाई कुकर बंद करायला धावल्या. दुसरा प्रयोग मात्र वऱ्हाडी माणसालाच सुचेल असा होता. जुन्या कूलरचा पंखा काढून त्यांनी शेडच्या भिंतीत बसवला, तोंड बाहेर. मशीन सुरू झालं, की धूळ सरळ भिंतीपल्याड. शेड असं लख्ख झालं, की ते आम्हाला चपला काढायला लावत. एप्रिल उजाडला होता. त्यांनी अकोल्याला फोन केला, धूळ संपली, ये.

ललिताबाई आल्या. पहिल्या दिवशी शेडमध्ये पाचच मिनिटं डोकावल्या, खोकला नाही. मग बाहेर बेचाळीस डिग्री, म्हणून घरात नव्या कूलरसमोर बसल्या. तिसऱ्या दिवशी छाती भरून आली. श्रावणभाऊ चक्रावले. ज्या शेडमध्ये त्या फिरकतही नव्हत्या, त्याची धूळ त्यांना गाठत होती कुठून? चौथ्या दिवशी कूलरमध्ये पाणी भरायला ललिताबाई टाकीत डोकावल्या, तर पाण्याचा रंग कडक चहासारखा. कूलरचं गवत भुशानं गच्च. शेडचा पंखा धूळ बाहेर फेकायचा ती कूलरच्या बरोब्बर पाठीमागे, आणि कूलर ती इमानदारीनं ओढून बैठकीत सोडायचा. ललिताबाई आधी हसल्या, मग खोकल्या, मग दोन्ही एकदमच होऊ लागलं. श्रावणभाऊंना मात्र हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः त्यांना एसटीनं अकोल्याला पोचवायला गेले.

संध्याच्या शेजारी नत्थुजी राहतात. मूळचे अकोटचे, सारा जन्म डाळ मिलमध्ये मिस्त्री. श्रावणभाऊंची हकिकत त्यांनी शांतपणे ऐकली, सायकलच्या मागे बसवून त्यांना मिलवर नेलं आणि छपरावरचं पत्र्याचं भलंमोठं नरसाळं दाखवलं. हवा त्यात गरगर फिरते, जड भुसा कडेला घासत खाली डब्यात पडतो, हवा वरून निघून जाते. मग म्हणाले, "भाऊ, तुमी धूळ उडू देता आन् मंग तिच्यामागं पयता. पात्याखालीच धरा तिले. आन् दिसते ते धूळ काही करत नाई. जे दिसत नाई, तेच छातीत जाते."

पावसाळाभर दोघं त्यामागे लागले, नत्थुजी अकोल्याहून ये-जा करत. नत्थुजींनी पत्र्याचं नरसाळं वळून दिलं, ते एका झाकणाच्या पिंपावर बसलं, आणि हवा ओढायला मिलमधला जुना ब्लोअर आला. मशीनचं पोट खालून उघडंच होतं. ते फळ्यांनी बंद केलं, फटींत सायकलची जुनी ट्यूब कापून भरली आणि पात्याच्या अगदी खाली पाइप जोडला. पाइप आखूड, वळण एकच. पात्याच्या वरही एक छोटी टोपी. उरलेल्या बारीक धुळीसाठी घट्ट विणीच्या कापडाची लांबलचक पिशवी हवी होती, ती ललिताबाईंनी संध्याच्या शिलाई मशीनवर दुहेरी टीप मारून शिवली. पिशवी टांगली शेडच्या मागे, जिकडे कूलर नाही, खिडकी नाही, कोणाचं घरही नाही.

या खेपेला श्रावणभाऊंनी फोन केला नाही. महिनाभर रोज काम करून, रोज घरातल्या आरशावरून बोट फिरवून पाहत राहिले. शेवटी नत्थुजींनीच ललिताबाईंना खबर दिली.

नोव्हेंबरात त्या आल्या, एका पिशवीनिशी. दुपारी तोंडावर मास्क लावून, मुठीत दम्याचा पंप धरून शेडमध्ये उभ्या राहिल्या. आम्ही दोन-चार शेजारी कुंपणाशी काहीतरी काम असल्यासारखे. त्यांनी फळीचं दुसरं टोक धरलं. मशीन सुरू झालं. पिंपात सरसर आवाज होऊ लागला आणि मागची पिशवी फुगली. सहा फुटांची फळी, मग दुसरी, मग तिसरी. श्रावणभाऊंचं लक्ष फळीवर कमी, तिकडच्या टोकावर जास्त. तिन्ही फळ्या वाकड्या कापल्या गेल्या.

मशीन थांबलं. कसं वाटतं, हे विचारायची त्यांची हिंमत होईना. ते उगाच नट आवळत राहिले. ललिताबाईंनी मास्क खाली केला, दोनदा खोल श्वास घेऊन पाहिला, पंप कमरेला खोचला आणि फोन लावला.

"संध्या, येनाऱ्या-जानाऱ्याजवळ माह्या साड्या पाठवून देजो."

किती, असं तिनं विचारलं असावं.

"सगळ्या," त्या म्हणाल्या.