शालन ठोंबरेचा काळा थर

शालन ठोंबरे माती जिभेवर ठेवून बघायची. जमिनीच्या सर्वेक्षणात काम करणारे आम्ही सगळेच माती बोटांत चोळतो, पाणी लावून तिची वळी करतो, वळी तुटते की टिकते त्यावरून चिकणमाती किती ते ठरवतो. जीभ लावणारी मात्र ती एकटीच. कृषी महाविद्यालयाच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला सरांनी परातींत ढेकळं मांडली होती आणि यातली खाडीकाठची कोणती, असं विचारलं होतं. मी पुस्तकात बघून ढेकळाच्या रंगावर काहीतरी विद्वत्तापूर्ण बोलत होतो. तेवढ्यात ही म्हणाली, "सर, ही खारट हाय. खाडीची हीच." वर्ग हसला. सर हसले नाहीत, त्यांनी सगळ्यांना चव घ्यायला लावली. माझं उत्तरही बरोबर होतं, पण ते कोणी ऐकलंच नाही.

आम्ही दोघं एका भागातले. ती चौकच्या आतल्या एका गावची, मी भिवपुरीचा. कॉलेजात गेल्यावर मी माझं 'हाय-नाय' घासूनपुसून काढलं, 'आहे-नाही' करायला शिकलो. ही मात्र साहेबांसमोरही 'आमी' आणि 'तुमी'च म्हणायची, आणि लोकांना त्याचं कौतुक. 'किती साधी आहे' म्हणायचे. मी तसा बोललो असतो तर मला गावंढळ म्हणाले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझ्या लग्नातली गोष्ट तर माझी बायको अजून सांगते. मुहूर्तमेढीसाठी अंगणात खड्डा खणला होता. बायका हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभ्या, आणि शालन त्या खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसून आत वाकलेली. "अरं, ही नदीची वाळू हाय! नदी इथनं वाहायची बघा कधीतरी," ती म्हणाली. झालं. गावातले सगळे म्हातारे खड्ड्याभोवती जमले. आमचे आजोबा सांगायचे, पूर्वी म्हणे इथे होडी लागायची, अशा गोष्टी प्रत्येकाला आठवू लागल्या. नवरदेव पाटावर बसून वाट बघतोय याचं कोणाला काही नव्हतं.

आम्हाला नोकरीही एकाच खात्यात लागली. वाळवंटातल्या चराऊ रानांची पाहणी करायला कोणीतरी जायचं होतं. मी रीतसर अर्ज केला होता. माझ्या दृष्टीने तिथेच खरं काम होतं, तिथली माती कोणी नीट बघितलेलीच नव्हती. शालनने अर्जच केला नाही, आणि तिला पाठवलं. मला घरची तांबडी माती मिळाली. तिचा निरोप समारंभ झाला त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

तिकडून तिचे फोन यायचे. पहिल्या उन्हाळ्यात मी उगाच विचारलं, "नुसती वाळू तर आहे, त्यात वर्गीकरण काय करणार?" ती म्हणाली, "वरची बघून बोलू नको रं. वरची वाऱ्याची हाय, आज इथं तर उद्या तितं. जमीन खाली असते." मग ती सांगत बसायची. वर भुरी, मोकळी वाळू. खाली उतरलं की चुनखडीचे खडे लागतात, आम्ल टाकलं की फसफसतात. आणखी खाली ते खडे एकमेकांना धरून असा कडक थर होतो की पहार परत येते. पाऊस इतका थोडा की चुना वाहून जातच नाही, जिथवर ओल पोचते तिथे जाऊन बसतो. "पावसानं आपली उंची मोजून ठेवलीय खड्ड्याच्या भिंतीवर," ती म्हणायची. असलं वाक्य मला कधी सुचलं नाही.

आमच्या धंद्यात माणूसभर खोल खड्डा खणतात, त्याची एक भिंत तासून साफ करतात आणि थर वाचतात. रंग, वाळू, चुना, कडकपणा बघून ती जमीन कुठल्या वर्गात बसते ते ठरवतात. कुठेच बसली नाही तर नवीन नाव मिळतं, तेही जवळच्या गावाचं. पण ती कोणी शोधली हे सगळ्या खात्याला माहीत असतं. यापेक्षा मोठं आमच्यात काही नाही. माझ्या वाट्याला ते कधी आलं नाही, कारण घरची माती आधीच्या लोकांनी नावं देऊन संपवली होती.

शालनला मात्र सापडलं. वाळूच्या खाली आणि चुनखडीच्या वर एक काळसर थर. वाळवंटात एवढी कुजलेली, काळी माती असायचं कारण नाही. तिच्या सगळ्या खड्ड्यांत तो थर होता. म्हणजे नवीन जमीन, नवीन नाव. तिने अहवाल लिहिला, आणि तो तपासायला आला माझ्याकडे.

मी तो कसा वाचला ते काय सांगू! जेवताना वाचला, देवळात जाताना पिशवीत घेऊन गेलो. रंगाची नोंद ओल्या मातीची की कोरड्या, उताराची दिशा, मुळं कुठवर, आम्लाची फसफस किती, सगळं उलटंपालटं केलं. एक भोक सापडेना. अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेवटी सही करायची ठरवली.

ती तेव्हा रजेवर गावी आली होती. अहवाल न्यायला आमच्याकडे भिवपुरीला आली. थंडीचे दिवस, भात कापून झालेलं. घाटावरून धनगर उतरले होते आणि खतासाठी बाबांनी त्यांची मेंढरं आमच्या खाचरात बसवली होती. चहा झाल्यावर आम्ही बांधावरून चालत निघालो. मेंढरं पुढच्या खाचरात होती. अलीकडच्या खाचरात शालन एकदम थांबली. तिथे एका कोपऱ्यात माती काळी होती, आणि ती काळी माती जिथे संपत होती तिथे सरळ रेघ होती. ती खाली बसली, बोटांनी उकरलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं.

"काका, इथं काय होतं?" तिने बाबांना हाक मारून विचारलं.

"गेल्या साली मेंढरं बसवली होती गं तितं," बाबा म्हणाले. "वाघर लावून, चौकोनी जाळी बांधून. चांगली दोन रोज बसली. लेंडी मुरलीय."

शालनने त्या सरळ रेघेवरून बोट ओढत नेलं. मग म्हणाली, "माझी जमीन गेली रं."

मला कळलं नाही, तसं तिने सांगितलं. त्या रानात पाणी फक्त विहिरींवर. ती मुक्काम करायची विहिरीजवळ, आणि खड्डे घ्यायची पायी जाता येईल तिथे. तिकडचे धनगरही पिढ्यान् पिढ्या मेंढरं कोंडतात ती विहिरीजवळच. लेंडी साचते, तुडवली जाते, वरून वाळू येऊन झाकते. "मी जमीन नाय बघितली. मी वाडगी बघितली मेंढरांची. सगळी. एकामागून एक."

इतके दिवस मी जे भोक शोधत होतो ते हेच, आणि ते माझ्या बापाच्या खाचरात पडलेलं होतं. रोज त्याच्यावरून चालत होतो मी. मला आनंद व्हायला हवा होता, आणि क्षणभर झालाही. मग मी म्हणालो, "जाऊ दे ना. कोणाला कळणार आहे?"

"तुला कळलं ना आता," ती म्हणाली आणि हात झाडून उठली.

खात्याच्या बैठकीत तिने उभं राहून अहवाल मागे घेतला. कुठे चुकले, का चुकले, खड्डे विहिरीपासून किती लांब घ्यायला हवे होते, सगळं सांगितलं. साहेबांनी तिची पाठ थोपटली, नव्या मुलांना म्हणाले, असं काम करायला शिका. म्हणजे चूक करायची हिने आणि शाबासकीही हिलाच! मी आयुष्यात एवढी मोठी चूक केलेली नाही, पण त्याबद्दल मला कोणी चहासुद्धा पाजला नाही.

पुढच्या थंडीत ती पुन्हा गेली, विहिरींपासून दूर, पाण्याचे कॅन उंटावर लादून. काळा थर कुठेच लागला नाही. भुरी वाळू, चुनखडी, कडक थर. आधीच नाव असलेल्या एका जमिनीत तिची जमीन मिसळून गेली. नवीन नाव तिला मिळालं नाही ते नाहीच. माझ्याइतकीच रिकामी राहिली ती, आणि तरीही लोक तिचंच नाव घ्यायचे.

दोन वर्षांपूर्वी ती आजारी पडून भावाकडे, गावी आली. मी भेटायला गेलो तेव्हा ओसरीवर पडून होती. खूप वाळली होती. इकडचं तिकडचं बोललो. मग तीच म्हणाली, "तो अहवाल तुझ्याकडं कसा आला, माहीत हाय?"

"साहेबांनी पाठवला."

"मीच सांगितलं तुझ्याकडं धाडायला. साहेब दुसऱ्याला देत होते."

"का?"

ती हसली. "बाकीच्यांना मी आवडायची रं. त्यांनी डोळे मिटून सही केली असती. तू जळतोस माझ्यावर, पहिल्या वर्षापासून. म्हटलं, हा एकटाच काय तो नीट वाचंल."

कानशिलं तापली. एवढी वर्षं मी जे पोटात लपवून ठेवलं होतं त्यावर ही बाई कामं काढून घेत होती! "मग मला तरी कुठे सापडली तुझी चूक," मी म्हणालो.

"नाय सापडली. पण तू सही करत नव्हतास ना, म्हणून मलाबी झोप लागत नव्हती. सारखी शोधत होते."

महिन्याभराने ती गेली. चौकला तिच्या शोकसभेत मी सोडून सगळे बोलले.

माझ्या टेबलावर अजून अहवाल येतात. मुलं हुशार आहेत, यंत्रं चांगली आहेत, रंगाच्या नोंदी चोख असतात. मी पानं चाळतो, शेवटच्या पानावर येतो आणि सही करतो. ती गेल्यापासून मी कोणाचाही अहवाल नीट वाचलेला नाही.