ब्रुझेकबाईच्या तोंडी कुणाचे शब्द

आमच्या घरमालकीण बोझेना कुबात यांना रेडिओ आवडायचा. त्यांचा राग होता तो रेडिओवरच्या ब्रुझेकबाईवर.

शिकागोच्या चेक वस्तीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली त्या आणि त्यांचा नवरा चेन्येक, वर आम्ही तिघं भाडेकरू. मी कोटांच्या कारखान्यात बटणांची काजं शिवायचे. आग्नेस एका ऑफिसात टाइपिस्ट होती. तिसरे ऑर्विल टेट, मूळचे अमेरिकन, टक्कल पडलेले, इतके भिडस्त की जेवताना मीठ मागायलाही लाजायचे. टोप्यांच्या दुकानात संध्याकाळच्या पाळीला असतो, असं ते सांगायचे.

एकोणीसशे तीसनंतरचे बेकारीचे दिवस होते. रोज संध्याकाळी एका साबणवाल्या कंपनीचा पंधरा मिनिटांचा विनोदी कार्यक्रम लागायचा. ब्रुझेकबाईचं घर तेच, माणसं तीच, भांडण मात्र रोज नवं. नाटकमंडळीतला विदूषक हसवून पुढच्या गावाला जातो. ही माणसं रोज घरी येत, त्यामुळे शेजारचीच वाटायची. खाटकाच्या दुकानात बायका विचारायच्या, “काल ब्रुझेकबाईने जावयाला घरात घेतलं का गं?”

एका संध्याकाळी ब्रुझेकबाई आमच्याच वस्तीतल्या मोडक्या इंग्रजीत ओरडली, “खिडकी लावा! सगळ्या शिकागोला ऊब द्यायचा मक्ता घेतलाय का मी?”

चेन्येकच्या नाकातून कॉफी आली. बोझेनाबाई हसल्या नाहीत.

“हे माझं वाक्य आहे,” त्या म्हणाल्या.

“सगळ्याच बायका असं म्हणतात,” चेन्येक म्हणाला.

“मग तू हसलास का?”

पुढच्या आठवड्यात ब्रुझेकबाईने पाहुण्यांना बजावलं की पिठाचे उकडलेले गोळे दोनच घ्या, पोटाला वाईट असतात. हेही आमच्याच टेबलावरचं. बोझेनाबाईंची खात्री पटली: घरातलं बोलणं कुणीतरी बाहेर नेतंय.

पहिला संशय आग्नेसवर. ऑफिसात जाते, ओठ रंगवते, टाइप करते. मग चेन्येकवर, कारण बिअर पोटात गेली की त्याच्या तोंडाला कुलूप राहत नसे. शेवटी माझ्यावरही. मी स्वयंपाकघरात शिरले की त्या गप्प होत आणि चमच्याने खुर्ची दाखवत. असं मुकं जेवण मी आयुष्यात कधी जेवले नाही.

मग त्यांनी सापळा लावला. आग्नेसच्या कानात सांगितलं की मांजर सूपमध्ये पडलं होतं. मला सांगितलं की चेन्येकची कवळी खसखशीच्या सारणात सापडली. चेन्येकला आणखी काहीतरी. आणि रोज रेडिओला कान लावून बसल्या. मांजर आलं नाही, कवळीही आली नाही. पण एके दिवशी ब्रुझेकबाई भाजायला आणलेल्या मेलेल्या हंसाशी बोलू लागली, “असा बघू नकोस माझ्याकडे. मी तुला विकत घेतलंय, लग्न नाही केलंय तुझ्याशी!”

बोझेनाबाई पांढऱ्याफटक पडल्या. हंसाशी त्या बोलल्या होत्या खऱ्या, पण स्वयंपाकघरात तेव्हा त्या एकट्याच होत्या.

आग्नेसला मात्र हे सगळं असह्य झालं होतं. “बाई, मी चोर असेन तर पोलिसांना बोलवा, नसेन तर माझी ट्रंक खाली उतरवून द्या,” म्हणाली आणि दुसरीकडे राहायला गेली.

ती गेली, तरी वाक्यं येतच राहिली. मग बोझेनाबाईंनी छताकडे बघितलं. चुलीची ऊब वर जावी म्हणून तिथे जाळी बसवली होती. वरची खोली टेट यांची.

“हा टोपीवाला,” त्या मला म्हणाल्या, “रेडिओ ऐकायला एकदा तरी आपल्यात बसलाय का?”

रेडिओवरचा तो कार्यक्रम समोर बसून बघायला साबणवाले फुकट पास देत. आम्ही दोघी गेलो. नदीकाठच्या उंच इमारतीत, मखमली खुर्च्यांवर, जवळजवळ शंभर माणसं. दिवा लागला आणि ऑर्विल टेट मायक्रोफोनसमोर आले. ते ब्रुझेकबाई होऊन बोलू लागले. तो आवाज त्या भिडस्त माणसाच्या तोंडून येत होता. त्याहून चमत्कारिक म्हणजे प्रत्येक वाक्याआधी ते कंबरेवरच्या, नसलेल्या अ‍ॅप्रनला हात पुसत होते. रेडिओवर ते कुणाला दिसणार होतं? लोक पोट धरून हसत होते. बोझेनाबाई मात्र स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

बाहेर जिन्यात बोझेनाबाईंनी टेट यांना गाठलं.

“हात कशाला पुसतोस रे मेल्या?”

“पुसल्याशिवाय आवाज येत नाही, बाई,” टेट म्हणाले. “पंचवीस वर्षं मी रंगमंचावर घसरून पडत होतो. लोक त्याला हसायचे. इथे पडणं दिसत नाही. इथे खरं माणूस लागतं. तुमच्यासारखं मला दुसरं कुणी भेटलं नाही.”

“म्हणजे मी विदूषक!”

“विदूषक मी. तुम्ही फक्त खऱ्या आहात.”

बोझेनाबाईंनी त्याच रात्री टेट यांना घराबाहेर काढलं आणि जाळीत चिंध्या कोंबल्या. आग्नेसकडे त्या खसखशीच्या कोलाच्यांची, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांची, परडी घेऊन गेल्या. आग्नेसने परडी घेतली, पण ती परत आली नाही.

यापुढे रेडिओ बंदच राहील, असं मला वाटलं होतं. पण चालू केला तो बोझेनाबाईंनीच. आणि दोन-तीन आठवड्यांत त्या नव्याने बेचैन झाल्या. ब्रुझेकबाई बदलत चालली होती. कोबीत साखर घालू लागली. नवऱ्याला ‘राजा’ म्हणू लागली!

“कुणाकडे जेवतोय हा?” त्यांनी मला खोदून विचारलं. “पलीकडच्या गल्लीत भाडेकरू ठेवते, त्या लूमिसच्या बायकोकडे, नाही का? ती सटवी साखर घालते कोबीत!”

अखेर त्या स्वतः जाऊन टेट यांना घेऊन आल्या. अट एकच, “माझ्या तोंडी साखर घालायची नाही.” जाळीतल्या चिंध्या काढल्या का, ते मी विचारलं नाही. मात्र तेव्हापासून चुलीजवळ त्या जरा मोठ्याने बोलायच्या, आणि मध्येच थांबून वर बघायच्या, वाढलेलं कुणी पानात टाकत तर नाही ना अशा नजरेने.

तीन वर्षांनी चेन्येक गेला. दफनाच्या दिवशी टेट घरीच थांबले, आणि रेडिओवर निवेदकाने सांगितलं की ब्रुझेकबाई बहिणीकडे गावाला गेल्या आहेत.

बोझेनाबाई काळ्या कपड्यांत टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी टेट यांच्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

“कुठली बहीण? मला बहीण नाही.”

“सुचलं ते सांगितलं, बाई.”

“उद्या परत आण तिला,” त्या म्हणाल्या. “घरात कुणी ओरडणारं नको का?”